विजयनगरचे अध्ययन : अनेक प्रमाणे आणि एक नगर

तुंगभद्रेच्या दक्षिण तीरावरील हंपी हे क्षेत्र बेळगाव, धारवाड, सोलापूर आणि गोमंतक या प्रदेशांतील भाविकांना नवे नाही. होसपेटला उतरून तेथे जाणारा यात्रेकरू प्रथम श्रीविरूपाक्षाचे दर्शन घेतो आणि मग नदीकाठच्या वाटेने विठ्ठलमंदिराकडे वळतो. पहिल्या मंदिरात नंदादीप तेवत असतो, घंटानाद चालू असतो, तीर्थप्रसादासाठी दाटी असते. दुसऱ्या मंदिरात शिल्पवैभव अपार आहे, परंतु गाभारा रिता आहे. एकाच नगरातील दोन थोर देवालयांना अशी भिन्न गती का प्राप्त झाली, हा प्रश्न विचारी यात्रेकरूच्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधू गेले म्हणजे ध्यानी येते की, ते संपूर्ण उत्तर कोणत्याही एका शास्त्राच्या स्वाधीन नाही. शिलालेख वाचणाऱ्यापाशी त्याचा एक अंश आहे, शिल्पज्ञापाशी दुसरा, तळी व कालवे यांचा शोध घेणाऱ्यापाशी तिसरा, आणि त्याच गावी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांपाशी चौथा.

इ. स. १९८० पासून विजयनगरच्या अवशेषांचा जो अभ्यास झाला, तो या जाणिवेने झाला. नाना देशांचे आणि नाना विद्यांचे अभ्यासक तेथे एकत्र आले आणि एकाच नगराचा त्यांनी आपापल्या रीतीने वेध घेतला. त्या उद्योगाचा परिचय श्रीमठाच्या भाविकांस करून द्यावा, आणि असा अभ्यास कोणाच्या साहाय्याने पुरा होतो याचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पाठशाळांतून शिकविल्या जाणाऱ्या न्यायशास्त्रात यथार्थ ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वाक्य. आप्त कोणास म्हणावे, याविषयी वात्स्यायनांनी न्यायभाष्यात मोठे उदार विवेचन केले आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, असे ते म्हणतात. विजयनगरच्या इतिहासाचा विचार करताना हे विवेचन पदोपदी आठवते. तेथील आप्तांत संस्कृत प्रशस्ती रचणारा पंडित आहे, गोव्याहून आलेला पोर्तुगीज प्रवासी आहे, आणि या टेकडीस अमुक नावाने का ओळखतात हे सांगणारा आनेगुंदीचा शेतकरीही आहे.

शब्दप्रमाण : लेख आणि प्रवासवृत्ते

परंपरेने विजयनगरची स्थापना इ. स. १३३६ मध्ये झाली असे मानतात. संगमवंशीय हरिहर व बुक्क या बंधूंनी स्थापिलेले हे राज्य संगम, साळुव, तुळुव आणि आरविडु अशा चार राजवंशांच्या हाती राहिले. दि. २३ जानेवारी १५६५ रोजी राक्षसतागडीच्या रणांगणात, ज्या लढाईस सामान्यतः तालिकोटची लढाई म्हणतात तिच्यात, रामराय मारला गेला. त्यानंतर राजधानी लुटली गेली आणि राजसत्ता तेथून निघून गेली.

या राज्याचा गोमंतकाशी असलेला संबंध आपल्या वाचकांना जवळचा वाटेल. १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात विजयनगरचा माधवमंत्री याने गोवा जिंकला आणि कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर याची पुनःस्थापना केली. पुढे पोर्तुगीज अमलात दिवाडी बेटावरील ते मंदिर पाडले गेले, लिंग नार्वे येथे गेले, आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. विजयनगर, गोमंतक आणि मराठी राज्य यांना जोडणारा हा एक धागा आहे.

दुसरा धागा पोर्तुगीज भाषेचा आहे. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांनी घेतल्यावर विजयनगरशी त्यांचा घोड्यांचा व्यापार चालू झाला. त्या निमित्ताने १५२० च्या सुमारास दोमिंगो पेस हा विजयनगरास आला आणि कृष्णदेवरायाची राजधानी त्याने डोळ्यांनी पाहिली. १५३५ च्या सुमारास फेर्नांव नुनीश या घोड्यांच्या व्यापाऱ्याने तेथील राजांचा वृत्तांत लिहिला. महानवमीचा उत्सव, बाजारपेठा, तळ्यांची बांधकामे, सैन्याची पाहणी यांची जी वर्णने या दोघांनी केली, तशी आपल्या भाषांतून क्वचितच उतरली आहेत. ही वृत्ते दाविद लोपिश यांनी १८९७ मध्ये लिस्बन येथे प्रसिद्ध केली, आणि मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांनी १९०० मध्ये आपल्या ‘अ फरगॉटन एम्पायर’ या ग्रंथात त्यांचे इंग्रजी भाषांतर दिले. तेथून विजयनगरच्या आधुनिक इतिहासलेखनास मोठी चालना मिळाली. १९३६ मध्ये राज्यस्थापनेच्या षट्‌शताब्दीनिमित्त धारवाड येथून एक स्मारकग्रंथ निघाला. त्यात अनेक पंडितांनी लेख लिहिले.

या साऱ्या लेखनाची थोरवी मान्य करूनही त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. शिलालेख दानाचा असतो, म्हणून त्यात दाता, देव आणि दत्त भूमी यांची नावे येतात. प्रवासी राजसभेकडे पाहतो, म्हणून त्याच्या वृत्तात हत्ती, घोडे आणि रत्ने येतात. दगड फोडणारा पाथरवट, पाटाचे पाणी वळवणारा शेतकरी, मडकी भाजणारा कुंभार यांच्याविषयी शब्दप्रमाण बहुधा मौन धरते. नगर तर या माणसांनीच उभे केलेले असते.

प्रत्यक्षप्रमाण : मोजणी आणि आलेखन

हे मौन भरून काढण्याचा प्रयत्न १९८० च्या सुमारास पद्धतशीर सुरू झाला. भारत सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने व कर्नाटक राज्याच्या पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनने चालविली होती. राज्याच्या खात्याचे प्रमुख डॉ. एम. एस. नागराज राव यांच्या सहकार्याने जॉर्ज मिचेल आणि जॉन फ्रिट्झ यांनी विजयनगर संशोधन प्रकल्प हाती घेतला. मिचेल हे वास्तुकलेच्या इतिहासाचे जाणकार, फ्रिट्झ हे मानवशास्त्रात मुरलेले पुरातत्त्वज्ञ. या दोन विद्यांचा संयोग हीच त्या कार्याची पहिली विशेषता होय.

या मंडळींनी स्वतः भूमी खणली नाही. भूपृष्ठावर जे उरले आहे ते संपूर्ण मोजून, रेखाटून, नोंदवून ठेवणे हे त्यांनी आपले काम मानले. दोन दशकांहून अधिक काळ, बहुधा हिवाळ्यात, देशी व परदेशी वास्तुविद्यालयांतील विद्यार्थी त्यांच्याबरोबर येत आणि फीत, कागद व यंत्रे घेऊन रानोमाळ हिंडत. मंदिरे आणि राजवाड्यांची जोती तर त्यांनी नोंदलीच. शिवाय तटाचे तुकडे, पायवाटा, खडकात खोदलेल्या पायऱ्या, उखळांचे खळगे, फरसबंदीवर कोरलेले सोंगट्यांचे पट, विहिरी, पाण्याचे दगडी नळ या साऱ्यांची त्यांनी दखल घेतली. नगरगाभ्यातील वास्तूंची सूची १९९० मध्ये आणि देवालयांच्या पट्ट्यातील वास्तूंची सूची २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. या दुसऱ्या सूचीत मिचेल यांचे सहकारी फिलिप वॅगनर हे तेलुगू आणि संस्कृत साहित्याचे अभ्यासक होते. ‘रायवाचकमु’ या तेलुगू ग्रंथाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले आहे.

या मोजणीतून नगराची चार अंगे स्पष्ट झाली. नदीलगत देवालयांचा पट्टा. त्याच्या दक्षिणेस कालव्याच्या पाण्यावर पिकणारी पाटस्थळ जमीन. तिच्यापलीकडे तटबंदीच्या आत दाट वस्तीचा नगरगाभा. आणि त्या गाभ्याच्या नैर्ऋत्येस राजकेंद्र. देवालये व वस्ती यांच्यामध्ये भाताची व केळीची शेते असावीत, ही रचना केवळ शिलालेख वाचून कोणाच्या ध्यानी आली नसती. त्या शेतांना पाणी देणारे काही जुने कालवे आजही वाहत आहेत.

शब्द आणि प्रत्यक्ष यांची गाठ पडली म्हणजे काय घडते, याचे एक सुंदर उदाहरण सांगतो. नगरगाभ्यात दुसऱ्या देवरायाच्या कारकिर्दीतील, १४३९ चा एक लेख आहे. अहमद खान नामक अधिकाऱ्याने राजाला पुण्य लाभावे म्हणून ‘धर्मशाला’ बांधविली, असे त्यात म्हटले आहे. नुसता लेख वाचणारा तेथे उतारूंची धर्मशाळा शोधील. वास्तुज्ञ मात्र तीच इमारत पाहून सांगतो की, हिचे खांब मंदिराच्या मंडपासारखे असले तरी हिची पश्चिमेकडील मांडणी मशिदीची आहे, आणि शेजारी घुमटाची कबर आहे. दोघांचे म्हणणे एकत्र केले म्हणजे कळते की, त्या नगरातील मुसलमान सरदाराने आपले प्रार्थनास्थळ स्थानिक पाथरवटांकडून स्थानिक घाटात बांधविले आणि त्यास राजा व प्रजा या दोहोंना कळेल असे नाव दिले. एकाच प्रमाणावर विसंबणारा या ठिकाणी निश्चित फसला असता.

मतंगपर्वत आणि रामचंद्रमंदिर

या सहकार्याचे सर्वांत मोठे फळ राजकेंद्राच्या रचनेविषयी मिळाले. राजकेंद्रात श्रीरामचंद्राचे मंदिर आहे. लोक त्यास हजारराम म्हणतात. १५ व्या शतकाच्या आरंभीचे हे देवालय. त्याच्या प्राकाराच्या बाहेरील भिंतीवर हत्ती, घोडे, सैनिक व नर्तकी यांच्या मिरवणुका ओळीओळीने कोरल्या आहेत आणि आतील भिंतींवर रामायणकथा आहे. मोजणी करणाऱ्यांच्या लक्षात आले की, नगरातील प्रमुख रस्ते या मंदिरापुढील मोकळ्या जागेकडे येऊन मिळतात. मंदिराच्या एका बाजूस राजाच्या सार्वजनिक समारंभांच्या वास्तू आहेत, महानवमीचा चौथरा त्याच बाजूस. आणि दुसऱ्या बाजूस निवासाच्या वास्तू. म्हणजे राजकेंद्राचे दोन भाग करणारी रेषा राजवाड्यातून न जाता देवळातून जाते.

ती रेषा उत्तरेस वाढविली तर कोठे पोचते? थेट मतंगपर्वताच्या माथ्यावरील वीरभद्राच्या देवळाशी. मॅकिम मॅलव्हिल या ज्योतिर्विदांनी फ्रिट्झ यांच्यासह यंत्रांनी वेध घेऊन ही रेषा उत्तर ध्रुवदिशेशी किती नेमकी जुळते ते दाखविले.

येथे थोडे थांबून विचार करावा. यंत्राने एवढेच सांगितले की, एक देऊळ व एक टेकडी एका रेषेत आहेत. त्या रेषेला अर्थ कशाने आला? त्या टेकडीस मतंगपर्वत म्हणतात, वालीच्या भयाने सुग्रीवाने जेथे आश्रय घेतला तो हाच डोंगर, ईशान्येकडील माल्यवंतावर श्रीरामांनी पावसाळा काढला, पलीकडील तीरावर किष्किंधा व अंजनाद्री, ही जी स्थळस्मृती तेथील लोकांनी शतकानुशतके जपली, तिने अर्थ आला. ज्या राजाने हे मंदिर येथे बांधले त्याने आपले सिंहासन रामायणाच्या भूमीत, श्रीरामांच्या दृष्टीखाली मांडले, असे मग अनुमान करता येते. मिचेल, फ्रिट्झ व नागराज राव यांनी १९८४ मध्ये राजकेंद्रावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या नावाचाच भावार्थ ‘जेथे राजे आणि देव एकमेकांस भेटतात’ असा आहे. ज्योतिर्विदाचे यंत्र आणि गुराख्याची स्मृती यांपैकी एक जरी नसते, तरी हा सिद्धांत उभा राहिला नसता.

अर्थात लोकस्मृतीही तपासून घ्यावी लागते. राणीचे स्नानगृह, कमलमहाल, जनानखाना, गजशाळा ही नावे वाटाडे मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात; परंतु त्यांपैकी अनेक नावे नगर ओस पडल्यानंतर पुष्कळ काळाने रूढ झालेली आहेत. ज्यास जनानखाना म्हणतात त्या आवारालगत अकरा दालनांची गजशाळा असावी, हेच त्या नावाविषयी संशय उत्पन्न करते. आप्ताचे वाक्य प्रमाण खरे, पण प्रत्यक्षाने त्याचा बाध होत असेल तर ते सोडावे लागते. हा नियम पंडितास लागू आहे तसा वाटाड्यासही लागू आहे.

खापरे, गाळ आणि पाणी

नगराच्या मध्यभागातून आता बाहेर पडू. कार्ला सिनोपोली यांनी सरदारांच्या वस्तीतील मातीच्या भांड्यांची खापरे अभ्यासिली आणि १९९३ मध्ये त्यांवर ग्रंथ लिहिला. मडक्याचे तोंड किती रुंद, काठ कसा वळविला आहे, बूड धुराने काळवंडले आहे की नाही, यावरून ते शिजविण्याचे, पाणी भरण्याचे की धान्य साठविण्याचे हे ठरते. येथे उपमानाचे साहाय्य घ्यावे लागते. आजच्या कुंभारवाड्यातील आणि स्वयंपाकघरातील रीत ज्याने पाहिली नाही, त्यास जुने खापर काही सांगत नाही.

सिनोपोली आणि कॅथलीन मॉरिसन या दोघींनी १९८८ ते १९९७ या काळात राजधानीभोवतालच्या विस्तृत मुलखाची पाहणी केली. सातशेहून अधिक स्थळे त्यांनी नोंदली. त्यांत खेडी, देवळे, घाटवाटा, तट, लोहकामाच्या जागा आणि तळी आहेत. मॉरिसन यांनी जुन्या तळ्यांच्या तळचा गाळ काढून त्यातील परागकण व कोळशाचे सूक्ष्म कण तपासले. कोणत्या काळी रान किती होते, शेती किती वाढली, हे त्यावरून समजते. १६ व्या शतकाच्या आरंभी, म्हणजे कृष्णदेवरायाच्या काळात, तळी बांधण्याचा मोठा सपाटा चालला होता. एका तळ्याच्या कामावर पंधरा ते वीस हजार माणसे आपण पाहिली, असे पेस लिहितो. धर्मशास्त्रात तडागनिर्मिती हे पूर्तकर्मातील थोर पुण्य होय, आणि शिलालेख त्या पुण्याचा गौरव करतात. परंतु त्यांतील कित्येक तळी गाळाने भरून गेली किंवा बांध फुटून निकामी झाली, असे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. शिलालेख तळे बांधणाऱ्याची कीर्ती सांगतो. ते तळे किती टिकले हे गाळ सांगतो. त्याची डागडुजी करीत राहण्याचा भार मात्र ज्या गावकऱ्यांवर पडला त्यांची नावे कोणीच लिहिली नाहीत.

श्रीविठ्ठल आणि मराठी परंपरा

आता मराठी भाविकाच्या अंतःकरणास भिडणारा प्रश्न. आपल्या संतपरंपरेत अशी कथा आहे की, विद्यानगरच्या राजाने पंढरीची विठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीस नेली आणि श्रीएकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली. महीपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तिविजयात ही कथा आहे आणि घरोघरी ती श्रद्धेने ऐकली जाते. शिलालेख मात्र अशा घटनेचा उल्लेख करीत नाहीत. हंपीच्या विठ्ठलमंदिराचा आरंभ कृष्णदेवरायाच्या आधीचा आहे. त्याच्या राण्यांनी १५१३ मध्ये तेथे गोपुरे बांधविली आणि १५१६ च्या सुमारास शतस्तंभ मंडप झाला. डॉ. अनिला वर्गीस यांनी मुंबईत अध्यापन करीत असताना हंपीच्या देवालयांची व शिल्पांची दैवतपरत्वे छाननी केली आणि १९९५ मध्ये तेथील धर्मपरंपरांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. विठ्ठलभक्ती त्या नगरात कशी वाढत गेली, हे त्यातून कळते. ग. ह. खरे यांनी, आणि पुढे १९८४ मध्ये डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात पंढरी आणि कर्नाटक यांच्या संबंधाचा विस्ताराने विचार केला.

मग भानुदासांची कथा टाकून द्यावी काय? आमच्या अल्प मतीप्रमाणे तसे करण्याचे कारण नाही. शिलालेख जी गोष्ट सांगण्यासाठी कोरलेला असतो ती सांगतो. कथा वेगळी गोष्ट सांगते. पंढरीचा देव आणि तुंगभद्रेकाठचा देव एकच, ही भावना दोन्ही प्रदेशांतील लोकांत किती खोल होती, याची साक्ष ही कथा देते. पुरंदरदासांनी आपल्या पदांत विठ्ठलाची मुद्रा धारण केली, हंपीस नदीकाठी त्यांच्या नावाचा मंडप आजही दाखवितात. ही त्याच भावनेची कानडी साक्ष होय. घटना म्हणून कथेला शिलालेखाचा आधार नाही हे मोकळेपणाने मान्य करावे, आणि समाजाच्या मनाचे प्रमाण म्हणून तिला जपावे. यात श्रद्धेस उणेपणा येत नाही आणि शास्त्रासही येत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. विठ्ठलाचा गाभारा रिता आणि विरूपाक्षाचा दीप अखंड, असे का? मार्क लायसेट व मॉरिसन यांनी २०१३ मध्ये एका निबंधात असे मत मांडले की, १५६५ नंतरचा विध्वंस सरसकट झालेला नव्हता. राजसत्तेशी निगडित स्थाने त्यात विशेषेकरून सापडली आणि आसपासच्या खेड्यांतील जीवन पुढे चालू राहिले. विरूपाक्ष व पंपादेवी यांची उपासना राज्यस्थापनेपूर्वी अनेक शतके तेथे होती. राजांनी तिला वैभव दिले खरे, परंतु तिचे जीवन राजांवर अवलंबून नव्हते. यावरून आम्हांस असे वाटते की, ज्या देवालयाचा आधार मुख्यतः राजसत्ता होता ते सत्तेबरोबर ओस पडले, आणि ज्याचा आधार भोवतालचा समाज होता ते उरले. चैत्रातील रथोत्सव आजही होतो, आणि तो रथ ओढणारे हात गावोगावच्या लोकांचे असतात.

मठांनाही हाच न्याय लागू पडतो. माध्व संप्रदायाचे श्रीव्यासतीर्थ (१४६० ते १५३९) हे कृष्णदेवरायाच्या राजधानीतील थोर आचार्य; आनेगुंदीजवळील नववृंदावनात त्यांचे वृंदावन आहे. व्हॅलेरी स्टोकर यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचे वादग्रंथ आणि त्यांना मिळालेल्या दानांचे लेख शेजारी शेजारी ठेवून वाचले. मठ हे विद्येचे स्थान होतेच, शिवाय जमीन लागवडीस आणणे, पाण्याची सोय करणे, नव्या प्रदेशात संप्रदायाची वस्ती वसविणे ही कामेही मठांच्या द्वारा होत, हे त्यातून दिसते. राजधानी गेली, आचार्यांची परंपरा मात्र शिष्यांच्या आधारे चालू राहिली.

रहिवाशी कोण आणि वारसा कोणाचा

हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे अलीकडच्या एका घटनेचे गांभीर्य कळते. हंपीच्या स्मारकसमूहास १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. नदीवरील नव्या पुलाच्या बांधकामामुळे १९९९ मध्ये ते संकटग्रस्त स्थळांच्या यादीत गेले आणि २००६ मध्ये त्या यादीतून बाहेर आले. दरम्यान २००२ मध्ये त्याच्या व्यवस्थेसाठी स्वतंत्र कायदा झाला. सोळाशेहून अधिक अवशेषांची ती भूमी जपणे हे मोठे जबाबदारीचे काम आहे, यात संशय नाही.

जुलै २०११ मध्ये विरूपाक्षमंदिरासमोरील रथबीदीतील घरे व दुकाने पाडण्यात आली आणि शेकडो कुटुंबांना तेथून हलावे लागले. जुन्या दगडी मंडपांत भिंती घालून लोक राहत होते, त्यामुळे स्मारकांना बाध येतो, अशी अधिकाऱ्यांची बाजू होती. ती अगदीच निराधार नव्हती. मंडपांच्या खांबांस विटांच्या भिंती भिडल्या होत्या आणि माड्या चढल्या होत्या. परंतु पेसने १५२० च्या सुमारास जे वर्णन केले आहे ते आठवावे. देवळासमोर सुंदर घरांचा रस्ता आहे, त्या घरांना सज्जे व ओसऱ्या आहेत, आणि तेथे यात्रेकरू उतरतात, असे तो सांगतो. म्हणजे यात्रेकरूंना आसरा देणारी, फुले आणि नारळ विकणारी, रथाच्या दिवशी दारापुढे सडा घालणारी वस्ती हा त्या बीदीचा मूळ धर्म होता. दगडी मंडप मोकळे केल्याने मंडप दिसू लागले; ज्यासाठी ते बांधले होते ते मात्र नाहीसे झाले.

संशोधकांच्या मंडळात या वस्तीची दखल घेणारे नव्हते असे नव्हे. नॅटली टॉबर्ट यांनी नदीपलीकडील आनेगुंदी गावातील घरांचा अभ्यास केला आणि २००० मध्ये तो प्रसिद्ध झाला. कोणत्या कुटुंबाचे घर कसे, ओटा कोठे, देवघर कोठे, मातीची भिंत कशी लिंपतात, हे सारे त्यांनी नोंदले. १९९१ मध्ये हंपीनजीक स्थापन झालेल्या कन्नड विद्यापीठातही लोकपरंपरांचा अभ्यास होतो. परंतु नगराविषयीचे निर्णय घेताना मोजणीचे नकाशे जितके उपयोगात येतात, तितके रहिवाशांचे म्हणणे येत नाही. ज्यांच्या स्मृतीने मतंगपर्वताच्या रेषेला अर्थ दिला, त्यांनाच नगराच्या विचारातून वगळणे हे शास्त्रदृष्ट्याही चूक आहे. कारण एक प्रमाण सोडल्याने ज्ञान अपुरे राहते.

आणखी एक उणीव येथे नमूद केली पाहिजे. विजयनगरवरील हे सारे महत्त्वाचे ग्रंथ बहुतेक इंग्रजीत आहेत. ज्या गावाविषयी ते लिहिले त्या गावच्या पुष्कळशा लोकांना ते वाचता येत नाहीत. माहिती घेताना आपण ज्याच्या ओटीवर बसलो, त्याच्या भाषेत ती परत करणे हे ऋणमोचन होय. कानडीत आणि मराठीत अशा ग्रंथांची भाषांतरे होतील, तर सीमाभागातील दोन्ही भाषांच्या समाजांना आपला सामाईक इतिहास वादाविना वाचता येईल. प्रस्तुत ग्रंथासारखे द्वैभाषिक स्मारकग्रंथ या कामी पुष्कळ साहाय्य करू शकतील.

आमच्या भाविकांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. विजयनगरचे कुंभार, पाथरवट आणि पाटकरी यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, म्हणून आज गाळ आणि खापरे तपासावी लागतात. आपल्या गावांच्या बाबतीत ती वेळ येऊ नये. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, घरोघरीच्या मोडी सनदा व हिशेबाच्या चोपड्या, उत्सवात कोणत्या घराण्याकडे कोणती सेवा होती याच्या नोंदी, पेठांची, विहिरींची व वाटांची जुनी नावे, हे सर्व नगरेतिहासाचे अस्सल साधन आहे. जुने घर पाडताना कागद रद्दीत घालण्यापूर्वी ते जाणत्यास दाखवावेत. वडील माणसांपाशी बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात, आणि लिहून घेताना सांगणाऱ्याचे नाव व साल अवश्य टाकावे. अभ्यासक दारी आला तर त्यास आपला पाहुणा समजून माहिती द्यावी, आणि त्याने जे लिहिले ते आपल्यास वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. श्रीगुरुकृपेने ही सद्‌बुद्धी आपणां सर्वांस होवो, अशी प्रार्थना करून विराम घेतो.